आक्काचं छप्पर आणि समुद्रावरची माणसं

आक्काचा फोन आला तेव्हा मी हिंगोलीत घराच्या ओट्यावर पेपर वाचत बसलो होतो. ती म्हणाली, "बापू, समुद्रावरून माणसं आलीत. पुरात पडलेली घरं बांधून देऊन राहिलीत. माझंबी नाव घेतलंय त्यायनं."

मी विचारलं, "काहून?"

"काहून म्हंजे? घर पडलं म्हणून."

"ते कळलं. पण त्यायला काय पडलंय तुझ्या घराचं?"

पलीकडून भांडी आपटल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, "तू ये अन् तूच इचार," आणि तिने फोन ठेवून दिला.

माझा स्वभाव संशयी आहे, हे मी नाकारत नाही. तेहतीस वर्षं मी जमीन मोजणीच्या खात्यात काढली. कळमनुरीपासून वसमतपर्यंत असं शिवार नसेल, जिथे मी फीत धरून उभा राहिलो नाही. त्या नोकरीत एक गोष्ट पक्की कळली. मोजणीला गेल्यावर जो शेतकरी शिव्या देत येतो, त्याची हद्द बहुतेक बरोबर निघते. जो आधी चहा पाजतो, खुर्ची पुसून देतो, पोराबाळांची चौकशी करतो, त्याच्या बांधावरचा दगड सरकलेला असतो. म्हणून कुणी फुकट काही देतो म्हटलं की माझे कान आपोआप उभे राहतात. सेवानिवृत्तीनंतर ही खोड कमी होईल असं बायकोला वाटलं होतं. उलट आता मला वेळ भरपूर मिळायला लागला.

आक्का माझ्याहून दहा वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा मी चौथीत होतो. मला आंघोळ घालून, डोक्याला तेल चोपडून शाळेत पाठवणारी तीच. पुढे तिला कुरुंद्याच्या अलीकडच्या एका गावात दिलं. मूलबाळ झालं नाही. नवरा जाऊन बारा वर्षं झाली. दोन खोल्यांचं पत्र्याचं घर, पुढे रस्ता, मागे दिराच्या मुलाचा गोठा आणि गोठ्यामागे ओढा. त्या आषाढात वरच्या शिवारात एवढा पाऊस झाला की सकाळी दहाच्या सुमाराला ओढा गोठ्यातून सरळ आक्काच्या चुलीपर्यंत आला. ती पिठाचा डबा आणि पत्र्याची पेटी घेऊन शाळेत जाऊन बसली. दुपारी परत आली तर स्वयंपाकघराची मातीची भिंत खाली बसलेली आणि पत्रे त्यावर आडवे झालेले.

मी तिला हिंगोलीला घेऊन आलो. अकरा दिवस राहिली आणि म्हणाली, "तुमच्या फरशीवर मला पाय कुठं टाकावा ते कळत न्हाई." आणि परत गेली. गेली ती त्या दिराच्या मुलाकडे, पुतण्याकडे. त्याच्या पुढच्या खोलीत तिचं अंथरूण पडलं. चाळिशीचा माणूस, पाच एकर हळद, बोलणं कमी. त्याने तिला का ठेवून घेतलं, याचाही मी विचार करून ठेवला होता. आक्काच्या पाठीमागे ती जागा कायद्याने त्याच्याकडेच जाणार, हे मोजणी खात्यातल्या माणसाला कुणी सांगायची गरज नव्हती.

फोनच्या दुसऱ्या दिवशी पहिली गाडी पकडून मी गावात उतरलो. फाट्यावरच्या हॉटेलात चहा सांगितला आणि मालकाला विचारलं.

"चर्चवाले हायेत," तो म्हणाला. "आपल्या दवाखान्यातली नर्सबाई त्यायच्या गावची. तिनं फोन केला अन् आले बारा जण."

"करतात काय तिकडं?"

"मासे धरतेत. सध्या बंदी हाय म्हणं."

हे मला पुढे नीट कळलं. पावसाळ्यात समुद्रात होड्या घालायच्या नाहीत, असा नियम असतो. नारळी पौर्णिमेला नारळ सोडला की मग होड्या पाण्यात. तोवरचे दोन महिने या लोकांना काम नसतं. त्यांच्या गावाला दोनदा चक्रीवादळाने झोडपलं होतं. तेव्हापासून त्यांच्या चर्चने एक टोळी केली. कुठे घरं पडली की बंदीच्या दिवसांत तिकडे जायचं आणि बांधून द्यायची. सिमेंट-पत्रा चर्च बघतं, हात यांचे. ऐकायला छान होतं. छान ऐकू येतं तिथे मी जास्त सावध होतो.

बौद्ध वस्तीने त्यांना समाजमंदिर राहायला दिलं होतं. मी पोचलो तेव्हा त्यांची सकाळची प्रार्थना चालली होती, आणि ती बाहेर, ओसरीवर. आत बुद्धाची मूर्ती आहे, दुसऱ्याच्या जागेत आपलं कशाला, म्हणून ते बाहेर बसत, असं वस्तीतल्या एका बाईने सांगितलं. मला ते पटलं नाही. आत केली असती तर मी म्हणालो असतो, बघा, आतपर्यंत पोचले. बाहेर केली तर म्हणालो, चार लोकांना दिसावी म्हणून. मी नळाजवळ उभा राहून ऐकत होतो. गावातलं कोणकोण जाऊन बसतं, हे मला बघायचं होतं. कुणी बसलं नव्हतं. एक म्हातारी दळण घेऊन तिथून गेली, तिला जागा द्यायला त्यांनी पाय आखडले, एवढंच. शेवटी त्यांच्यातल्या एकाने ज्या घरांचं काम व्हायचं होतं त्यांची नावं वाचली. त्यात आक्काचं नाव ऐकून मला भयंकर राग आला. माझ्या बहिणीचं नाव परक्या देवापुढे घ्यायला यांना कुणी सांगितलं?

त्यांचा म्होरक्या साठीच्या पुढचा माणूस होता, होड्या बांधणारा सुतार. सगळे त्याला मिस्त्री म्हणत. उन्हाने आणि खाऱ्या वाऱ्याने चेहरा रापलेला, डाव्या हाताचं एक बोट अर्धं. मी गेलो तेव्हा तो एका घराच्या छपरावर बसून पत्र्यावरचे दगड खाली देत होता. आमच्याकडे पत्रा उडू नये म्हणून त्यावर दगड ठेवतात, हे सगळ्यांना माहीत आहे.

"साहेब, हे दगड कशाला?" त्याने वरून विचारलं.

"वाऱ्यासाठी."

"वारा पत्रा घेऊन गेला तर दगड कुठं पडतो?"

 दगड खाली झोपलेल्या माणसावर पडतो, हे मलाही माहीत होतं. दोन पावसाळ्यांपूर्वी आमच्याच गल्लीत एकाचा खांदा मोडला होता. मिस्त्री खाली उतरला आणि त्याने मला त्यांची पद्धत दाखवली. पायाच्या खड्ड्यात एक लोखंडी पट्टी गाडायची, ती खांबाबरोबर वर न्यायची आणि छपराच्या वाशाला आवळायची, म्हणजे छप्पर, खांब आणि पाया एकाच गाठीत. "आमच्याकडं होडी अशीच बांधतात," तो म्हणाला. काम पक्कं होतं. मी दोन पट्ट्या ओढूनही पाहिल्या. त्याला राग आला नाही. म्हणाला, "ओढा साहेब. ओढून बघणारा माणूस लागतोच." राग न येणाऱ्या माणसाचा मला अजूनच संशय आला.

मग आक्काने मला त्यांनी दिलेला एक कागद दाखवला. पुतण्याच्या ओट्यावर बसून ती सही करायच्या तयारीत होती. आक्का दुसरीपर्यंत शिकलेली. सही करते, पण लिहिलेलं वाचायचं तर तिला जोडाक्षराजवळ थांबावं लागतं. मी कागद तिच्या हातून ओढूनच घेतला. तीन ओळी होत्या. माझ्या घराच्या कामाला माझी परवानगी आहे. माझ्या घराचं काम झाल्यावर किंवा त्याआधी मी किंवा माझ्या घरातलं एक माणूस गावातल्या दुसऱ्या घराच्या कामावर सहा दिवस देईल. खाली सही.

मी कागद उलटा करून पाहिला. उजेडात धरून पाहिला. मिस्त्रीला विचारलं, "याच्यासोबतचा दुसरा कागद कुठाय?"

"दुसरा नाही."

"अन् हे सहा दिवस कशाला?"

"घर फुकट मिळालं की माणूस गप्प होतो, साहेब. आपल्याही हातून कुणाला छप्पर मिळालं तर बोलायला लागतो. आमच्याकडं असंच चालतं."

मला हे उत्तर उत्तर वाटलं नाही. मी आक्काला सांगितलं, सही करायची नाही. आधी जागा मोजून घेऊ, कुठून कुठपर्यंत तुझी आहे ते सगळ्यांसमोर ठरू दे, म्हणजे उद्या कुणी म्हणायला नको की इथे आमच्या चर्चचं काही आहे. आक्का म्हणाली, "इतक्या वर्सात कोणी मोजली न्हाई." मी म्हणालो, "म्हणूनच."

मिस्त्रीने मान हलवली. "मोजा. पण पौर्णिमेला आम्हाला घरी पोचायचंय. सतरा दिवस आहेत."

दुसऱ्या दिवशी मी माझी जुनी फीत घेऊन गेलो. सोबत आक्काच्या नवऱ्याच्या आणि त्याच्या भावाच्या वाटणीपत्राची झेरॉक्स होती. ती माझ्याकडे कशी, असं त्या वेळी कुणी विचारलं नाही. बघायला वीस-पंचवीस माणसं जमली. मला बरं वाटलं. बऱ्याच दिवसांनी माझ्या हातात फीत होती आणि लोक बाजूला सरकून मला वाट देत होते.

आमच्या खात्यात एक पद्धत असते. मोजणारा माणूस आकडा मोठ्याने बोलतो. दोन्ही बाजूंना ऐकू गेला पाहिजे, म्हणजे मागून कुणी म्हणू नये की चोरून लिहिलं. तेहतीस वर्षं मी आकडे बोललो आहे. रस्त्याच्या कडेला फितीचं टोक धरायला पुतण्यालाच दिलं आणि मी मागे गेलो. पडलेल्या भिंतीचा पाया चिखलातून साफ दिसत होता. त्यावर फीत टेकवली आणि माझ्या तोंडून खणखणीत आवाजात निघालं, "साडेवीस."

वाटणीपत्रात अठरा फूट होते.

मी गप्प बसायला हवं होतं. पण फीत गुंडाळता गुंडाळता मला जाणवलं की सगळे माझ्याकडे बघत आहेत. वाटणीपत्रातला आकडा मीच दहा मिनिटांपूर्वी वाचून दाखवला होता. आक्काच्या नवऱ्याने घर बांधताना अडीच फूट पाया भावाच्या बाजूला गेला असणार. भाऊ बोलला नसेल. इतकी वर्षं कुणाच्या ध्यानात नव्हतं, किंवा ध्यानात असून कुणाला पडलेलं नव्हतं.

पुतण्या फितीचं टोक हातात धरून शांतपणे म्हणाला, "मामा, आकडा पुन्यांदा सांगा."

आणि मी पुन्हा सांगितला. सवयच तशी.

संध्याकाळच्या आत त्याने ग्रामपंचायतीत अर्ज दिला. जागेचा वाद आहे, सरकारी मोजणी होईपर्यंत बांधकाम करू नये. मी त्याला म्हणालो, अठरा फुटांतच बांधू, मागचं सोडून देऊ. तो म्हणाला, "आधी मोजणी हू द्या. बराबर कागदावर येऊ द्या." सरकारी मोजणीची तारीख कधी लागते, हे माझ्याइतकं त्या गावात कुणाला माहीत नव्हतं. पौर्णिमा सोडा, दिवाळी गेली असती.

मिस्त्री मला म्हणाला, "वाद असेल तिथं आम्ही पाया घालत नाही. आमच्या गावात अशाच एका भिंतीवरून दोन भाऊ अजून एकमेकांच्या घरच्या मयताला जात नाहीत." आणि त्याची माणसं घमेली-फावडी उचलून पुढच्या घराकडे गेली. तो हे घर टाळायलाच बसला होता, असं मला वाटलं. यांना नाहीतरी एक घर कमीच करायचं असेल. पुतण्याचं तर काय, त्याला आक्का आपल्याच खोलीत हवी होती, म्हणजे जागा मोकळी. मी सगळ्यांचं गणित घरबसल्या सोडवलं. स्वतःचं सोडून.

पुढचे आठ दिवस मी रोज जात-येत राहिलो. ग्रामसेवकाला भेटलो, जुन्या सहकाऱ्यांना फोन लावले. काही झालं नाही. आक्का मात्र रोज सकाळी पदर खोचून त्या टोळीबरोबर कामाला जायची. वाळूची घमेली देणं, पत्रा वर जाताना दोर धरणं, सगळ्यांसाठी भाकरी टाकणं. ते लोक सुके बोंबील आणि भात खायचे. त्या वासाने देवळापुढच्या लोकांनी नाकं मुरडली, तेव्हा आक्काच त्यांना म्हणाली, "तुमच्या घरात हळद शिजती तवा गावाला वास येत न्हाई व्हय?" तिला त्या माणसांमध्ये हसताना पाहिलं की मी दुसरीकडे बघायचो. माझ्या घरात अकरा दिवसांत ती एकदाही तशी हसली नव्हती.

आठव्या दिवशी दुपारी मी तिला एका नव्या घराच्या सावलीत गाठलं. ती एकटीच डबा उघडून बसली होती.

"आक्का, तुझं घर होत न्हाई, तरी तू काहून राबून राहिलीस? काय देतेत तुला हे लोक?"

"सहा दिवस द्यायचे व्हते. दिले. आता वरचे चालू हायेत."

"तू सही केलीस?"

"केली. त्याच दिशी केली."

मी म्हणालो, "मी न्हाई म्हणून सांगितलं असताना? तुला कळतं का, कागदावर सही केली की काय हुतं?"

तिने भाकरीचा घास खाली ठेवला. माझ्याकडे न बघता बोलली. "कळतं. तू दोन वर्सामागं एक कागद आणला व्हता. ठेवून जा म्हणलं मी, पाहते. तू ठेवून गेला. पुन्यांदा तू इचारलं न्हाई, मी बी बोलले न्हाई. त्यो मी वाचून घेतला, बापू. पुतण्याकून घेतला. ह्या मासेवाल्यायच्या कागदात माझी जागा कुठं लिहिलेली न्हाई. तुझ्या कागदात व्हती."

इथे मला लिहायलाच हवं. दोन वर्षांपूर्वी मी आक्कासाठी एक मृत्युपत्र तयार करून नेलं होतं. तिच्या पाठीमागे ती जागा माझ्या मुलाला मिळावी, असं त्यात होतं. मी स्वतःला सांगत होतो की ती जागा सासरच्यांनी गिळण्यापेक्षा आपल्यात राहिलेली बरी, शेवटी तिचं सगळं आपणच बघतो. नवरा गेल्यापासून निराधार योजनेचा अर्ज, रेशनकार्ड, बँकेचं खातं, सगळ्या कागदांवर मी बोट ठेवीन तिथे ती सही करत आली होती. या कागदावरही करील, असं मी गृहीत धरलं होतं. तिला वाचून दाखवलं नव्हतं. "तुझ्या भल्याचंच आहे," एवढं म्हणालो होतो. आता मी नऊ दिवस त्या मिस्त्रीला विचारत होतो की दुसरा कागद कुठाय.

मला लाज वाटली. लाज वाटली असं लिहिणं सोपं आहे, तेव्हा बसल्या जागी कानशिलं तापली होती आणि तिच्याकडे मान वर करून बघवत नव्हतं. मी काहीतरी बोललो, की तसं नव्हतं ते. ती म्हणाली, "आसू दे. जेवला का तू?"

मी फाट्यावर जाऊन बसलो. दोन गाड्या आल्या आणि गेल्या. मग उठून पुतण्याच्या शेताकडे गेलो. तो हळदीच्या सरीतून गवत काढत होता. मला बघून उभा राहिला, पण पुढे आला नाही.

मी म्हणालो, "अडीच फुटासाठी तू चुलतीला उघड्यावर ठेवशील व्हय?"

"मला त्या अडीच फुटाचं काय करायचं हाय, मामा? माझा गोठा तर त्याच्याबी मागं हाय. आजवर काकूला कधी बोललो का मी?"

"मंग अर्ज काहून दिला?"

तो हातावरची माती झाडत म्हणाला, "तुमी फीत घेऊन आले म्हणून. नव्या घराचा पाया तुमी मोजणार, कागद तुमच्याजवळ, सही तुमी घेणार. काकूनं त्यो दोन वर्सामागचा कागद मलाच वाचाया दिला व्हता. मी वाचला अन् मला वाटलं, मामा आता जागा मोजून घेऊन राहिले. तुमी लिहून द्या की काकूच्या जागेवर तुमचा का तुमच्या पोराचा काही हक्क न्हाई. मी आत्ता अर्ज मागं घेतो. अडीच फुटासगट बांधा म्हणतो."

आयुष्यभर मी लोकांना हद्दीवर उभं करून त्यांच्या तोंडाकडे संशयाने बघत आलो. त्या सरीत उभा राहून कुणीतरी माझ्याकडे तसं बघत होतं, आणि त्याचं चुकत नव्हतं. तरी मी लगेच हो म्हणालो नाही. उद्या सांगतो म्हणालो. घरी येईपर्यंत मनात हेच चाललं होतं की याला मी लिहून दिलं आणि याने अर्ज मागे घेतलाच नाही तर? मुलाला फोन केला. तो पुण्यात असतो. त्याला त्या जागेबद्दल काही माहीतच नव्हतं. म्हणाला, "बाबा, मी त्या गावात कधी राहणार आहे?"

दुसऱ्या दिवशी वसमतला जाऊन मी स्टँपपेपर आणला आणि हातानेच लिहिलं. माझं अक्षर चांगलं आहे. हक्क नाही, पुढे कधी सांगणार नाही, मुलाचाही नाही. पुतण्याने तो कागद ग्रामसेवकासमोर सावकाश वाचला. दोन ठिकाणी बोट ठेवून पुन्हा वाचला. मग खिशात घातला आणि अर्ज मागे घेतला. हे सगळं होईपर्यंत पौर्णिमेला सहा दिवस उरले होते, आणि मिस्त्रीची टोळी दोन दिवस आधी निघणार होती.

मिस्त्रीने आकाशाकडे पाहिलं, हिशेब केला. "भिंती होणार नाहीत. पाया, खांब आणि छप्पर होईल. भिंती तुमचं गाव घालील."

"गाव कशाला घालील?"

"सहा दिवस राहिलेत ना त्यांचे."

चार दिवस मीही गेलो. मला दोर धरायला दिला होता, बाकी काही जमण्यासारखं नव्हतं. तळहाताला फोड आले. जुन्या पायावर, अडीच फुटांसकट, तयार सिमेंटचे खांब उभे राहिले, पट्ट्या आवळल्या गेल्या. मी प्रत्येक पट्टी ओढून पाहिली. एक ढिली निघाली. मिस्त्रीने ती सोडून पुन्हा बांधली आणि आपल्या माणसांना म्हणाला, "बघा, साहेबांनी धरली." मला त्या वेळी लहान मुलासारखा आनंद झाला, हेही खरं. शेवटच्या दिवशी दुपारी पत्रे चढले. एकाही पत्र्यावर दगड ठेवला नाही. पाऊस आला तेव्हा आक्का खाली मधोमध उभी राहून वर बघत होती, आणि वर बघता बघता रडायला लागली. मी तिच्याजवळ गेलो नाही. पुतण्याची बायको गेली.

निघताना मी मिस्त्रीला टेम्पोजवळ बाजूला घेतलं. म्हणालो, "आता तर सांगा. तुम्हाला यातनं काय मिळतं?"

तो हसला. "पावसाळ्यात घरी बसलो की बायकोशी भांडण होतं, साहेब."

मी त्यावर विश्वास ठेवला नाही. अजूनही नाही. पण त्याच्याकडे दुसरं उत्तर असेल असंही आता मला वाटत नाही.

भिंती गावाने घातल्या. कुणी दोन दिवस दिले, कुणी सहा, एक जण कबूल करून आलाच नाही. दसऱ्याच्या आसपास आक्का राहायला गेली. नव्या घराची नोंद ग्रामपंचायतीत करायची होती आणि विजेचा मीटरही घ्यायचा होता. दोन्ही फॉर्म मीच आणले, भरले, आणि एका सकाळी तिच्याकडे घेऊन गेलो. तिने चहा केला. मी फॉर्म पुढे ठेवले, पेन उघडलं आणि सही करायच्या जागी बोट ठेवलं.

तिने पेन घेतलं नाही. म्हणाली, "ठेव तिथं. पुतण्या येतो आत्ता रानातून. वाचून दाखवल, मंग करते."

"मी वाचून दाखवतो ना."

"त्यो येऊ दे."

आम्ही दोघं नव्या ओट्यावर बसून राहिलो. ऊन चढलं. तिने मला मुलाचं विचारलं, माझ्या गुडघ्यांचं विचारलं. तासाभराने पुतण्या आला, हातपाय धुतले आणि फॉर्म पहिल्या ओळीपासून वाचायला लागला. मी एकेक शब्द कान देऊन ऐकत होतो. मी काही वाकडं लिहिलं नव्हतं, तरी कुठेतरी काही निघेल अशी मला धास्ती वाटत होती. त्याचं वाचून झालं. आक्काने विचारलं, "एवढंच हाय?" तो म्हणाला, "व्हय." मग तिने दोन्हीकडे सावकाश सही केली आणि फॉर्म माझ्या हातात दिले.

गाडीसाठी निघालो तेव्हा ती रस्त्यापर्यंत आली.

"राग आला का रे तुला?"

मी न्हाई म्हणालो. तिने माझ्या तोंडाकडे थोडा वेळ पाहिलं, आणि तिला ते खरं वाटलं की नाही, हे मला कळलं नाही.